गोटीचे वय

जुनी नाणी, टपाल तिकिटे आणि पितळी अडकित्ते यांच्या रांगेत आता काचेच्या गोट्याही येऊन बसल्या आहेत. मोबाइलवर जुन्या वस्तूंची विक्री चालते तिथे 'ब्रिटिशकालीन गोट्या', 'निजामकालीन दुर्मीळ गोट्या', 'शंभर वर्षांपूर्वीचा संच' अशा जाहिराती सर्रास दिसतात. सोबत फोटो असतो : जुनाट पितळी डब्यात पंधरा-वीस गोट्या, खाली तागाचे पोते, बाजूला एखादे गंजलेले कुलूप. डबा जुना असतो, कुलूपही जुने असते. गोट्या मात्र बहुधा अशा असतात की आमच्या औरंगपुऱ्यातल्या कोणत्याही शाळकरी मुलाच्या खिशात त्या तीस-चाळीस वर्षांपूर्वी सापडल्या असत्या.

अशा खरेदीत एखाद्याचे काही पैसे बुडतात. ते नुकसान लहान म्हणता येईल, कारण ते एकाचेच असते. पण खोटे वय चिकटवलेली गोटी संग्रहात गेली, संग्रहातून लेखात आणि लेखातून प्रदर्शनाच्या काचपेटीत गेली, की आपल्याकडच्या एका सामान्य वस्तूचा खरा इतिहास कायमचा झाकला जातो. राजांच्या तलवारींना बखरी असतात, दानपत्रांना शिक्के असतात. पोरांच्या खेळण्यांची दप्तरे कोणी ठेवली नाहीत. गोटीचा पुरावा गोटीच्याच अंगावर असतो. तो वाचायचा कसा आणि विक्रेता सांगतो त्या गोष्टीशी तो ताडून कसा पाहायचा, याचा हा थोडा विचार.

दगडाची गोटी

गोटा म्हणजे वाटोळा, गुळगुळीत दगड. त्याची लहान ती गोटी. शब्दच सांगतो की ही वस्तू आधी दगडाची होती. सिंधू संस्कृतीच्या उत्खननांत दगडाच्या आणि भाजक्या मातीच्या लहान गोळ्या मिळाल्या आहेत. आपल्या दख्खनच्या पठारावर तर निसर्गानेच कच्चा माल पेरून ठेवला आहे. काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत तयार झालेला अकीक आणि त्याच जातीच्या गारगोट्या संभाजीनगरच्या आसपास शेताच्या बांधावर आजही पायाला लागतात.

अकिकाचा हा धागा युरोपातही पोचतो. जर्मनीतल्या इडार-ओबरश्टाइन या गावाचा पिढीजात धंदा अकीक घासण्याचा. एकोणिसाव्या शतकात तिथून अकिकाच्या गोट्या अमेरिकेपर्यंत जात. त्या पाण्यावर फिरणाऱ्या दगडी चाकांवर हाताने घासल्या जात. त्यामुळे उजेडात तिरपी धरून फिरवली की अशा गोटीच्या पृष्ठभागावर बारीक बारीक सपाट पैलू दिसतात. आजची अकिकाची गोळी यंत्रात घासलेली असते. तिच्यावर असे पैलू नसतात, ती सगळीकडून सारखी गुळगुळीत असते. खंबायतच्या कारागिरांकडे असे गोल आजही उत्तम होतात, आणि ते नवे म्हणून विकले जातात तोवर त्यांत काहीच गैर नाही. तोच गोल 'युरोपीय, शंभर वर्षांपूर्वीचा' या नावाने येतो तेव्हा भिंग हातात घ्यावे.

पुढे काचेने या दगडाची नक्कल केली. अमेरिकेतल्या एका मोठ्या गोटी कारखान्याचे नावच 'अॅक्रो अॅगेट' होते. अॅगेट म्हणजे अकीक. पण माल सगळा काचेचा. नाव आणि वस्तू यांतले अंतर या धंद्यात असे पहिल्यापासूनच आहे.

कात्री आणि यंत्र

काचेच्या गोटीच्या इतिहासात दोन टप्पे महत्त्वाचे आहेत, आणि ओळखीच्या निम्म्याहून अधिक खुणा त्यांतूनच निघतात.

पहिला टप्पा जर्मनीच्या थुरिंगिया भागातल्या लाउशा या गावचा. १८४०च्या दशकाअखेर तिथे एक खास कात्री वापरात आली. तिच्या एका टोकाला वाटीसारखा साचा असे. रंगीत काचेच्या धाग्यांची जाड कांडी भट्टीत मऊ करायची, तिचे टोक या वाटीत फिरवून गोल करायचे आणि त्याच कात्रीने कापायचे. कांडी तयार करतानाच तिला पीळ दिलेला असल्यामुळे गोटीच्या पोटात पिळाची नक्षी उतरे. कापल्या जागी तुटीची खूण राही. बहुतेक गोट्यांना ती दोन्ही ध्रुवांवर असते, काहींना एकाच. ती कधी खरखरीत असते, कधी घासून सपाट केलेली. पोटातला पीळ एका तुटीपासून निघून दुसरीपर्यंत जातो. हाताने केलेल्या जुन्या गोटीची ही पहिली ओळख.

दुसरा टप्पा अमेरिकेचा. ओहायो राज्यातल्या अॅक्रन शहरी मार्टिन ख्रिस्टेन्सन या मूळच्या डॅनिश गृहस्थाने गोल घडवणाऱ्या यंत्राचे पेटंट १९०५ साली मिळवले. खाच असलेल्या फिरत्या चाकांवर तापलेल्या काचेचा गोळा पडतो, सर्व बाजूंनी फिरतो आणि थंड होता होता गोल होतो. पुढे पहिल्या महायुद्धाने जर्मन माल अडला आणि अमेरिकी कारखान्यांना रान मोकळे मिळाले. यंत्राच्या गोटीला तुटीची खरखरीत खूण नसते. काच जिथे कापली गेली तिथे फार तर एखादी बारीक वळलेली रेघ किंवा शिवण दिसते.

आपल्या जाहिरातींच्या दृष्टीने यापुढची पायरी सर्वांत उपयोगी आहे. पारदर्शक काचेच्या पोटात रंगीत पात्या असलेली, मांजराच्या डोळ्यासारखी दिसणारी गोटी आपण सगळे खेळलो आहोत. ही मांजरडोळी दुसऱ्या महायुद्धानंतरची आहे. जपानी कारखान्यांनी ती काढली आणि १९५०च्या दशकात तिने जगभरच्या बाजारात जुन्या जातींना मागे टाकले. पुढे तीच जात अनेक देशांत होऊ लागली. म्हणून 'ब्रिटिशकालीन' असे लिहिलेल्या डब्यात मांजरडोळी दिसली, की त्या डब्याची कथा तिथेच संपते. त्यासाठी भिंगही लागत नाही.

आणखी एक फसवे नाव सांगून ठेवतो. परदेशी संग्राहकांच्या बोलीत 'इंडियन' नावाची एक किमती जात आहे. काळ्या, अपारदर्शक काचेवर रंगीत पट्टे, आणि हाताने केल्याच्या खुणा. ही गोटी जर्मन आहे. भारताशी तिचा संबंध नावापुरता. पण आपल्याकडचा विक्रेता परदेशी यादीत 'इंडियन'पुढे मोठी किंमत वाचतो आणि भारतात मिळालेल्या कोणत्याही काळ्या गोटीला ते नाव लावतो. असेच दुसरे नाव 'लुट्झ'. पोटात तांब्याच्या कणांची सोनेरी चमक असलेल्या गोटीला ते मिळाले निकोलस लुट्झ या अमेरिकेत काम केलेल्या काच-कारागिरावरून. गोट्या मात्र जर्मन भट्ट्यांतल्या. नाव हा पुरावा नव्हे, हे संग्राहकांच्या जुन्या याद्याच शिकवतात.

आपल्याकडे काच कशी आली

आता प्रश्न येतो : निजामी अमदानीतल्या औरंगाबादेत काचेच्या गोट्या असतीलच कशा? असू शकतात, आणि त्यांची वाटही सांगता येते. पहिल्या महायुद्धाआधी हिंदुस्थानात येणारी काच मुख्यत्वे ऑस्ट्रिया-हंगेरी आणि जर्मनीची होती; बांगड्या, मणी, दिव्याच्या चिमण्या, सगळेच. युद्धाने ती वाट बंद केली आणि जपानी माल पुढे सरसावला. १९००च्या सुमारास मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणीवरून सिकंदराबादकडे जाणारी रेल्वे सुरू झाली होती. मुंबई बंदरात उतरलेला किरकोळ माल मनमाडमार्गे आत येई. निजामाच्या हद्दीत येताना त्यावर करोडगिरी खात्याची जकात बसे. या वाटेने जर्मन गोटी गुलमंडीवरच्या दुकानापर्यंत पोचणे अशक्य नव्हते.

पण 'अशक्य नव्हते' आणि 'ही गोटी तशीच आली' या दोन वाक्यांत मोठे अंतर आहे. ते भरून काढायला कागद लागतो : दुकानाची वही, मूळ खोके, खोक्यावरचा छाप. ब्रिटनमध्ये १८८७ साली आणि हिंदुस्थानात १८८९ साली मालावरील खुणांचे कायदे झाले, आणि आयात मालावर देशाचे नाव दिसू लागले. गोटीसारख्या इवल्याशा वस्तूवर नाव उठवणार कुठे? ते खोक्यावर असे. म्हणून मूळ खोके हे गोटीपेक्षा मोलाचे साधन आहे. 'मेड इन ऑक्युपाइड जपान' असा छाप असलेले खोके १९५२नंतरचे असू शकत नाही, कारण अमेरिकी अंमल त्या वर्षी संपला. अर्थात जुन्या खोक्यात नव्या गोट्या भरणे कोणाच्याही हातचा मळ आहे. खोके आणि गोटी, दोन्ही स्वतंत्रपणे तपासावे लागतात.

स्वदेशी काचेची कथा याच काळात सुरू होते आणि ती महाराष्ट्राची आहे. अंताजी दामोदर काळे यांनी प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यावा, अशी कल्पना मांडली. लोकमान्य टिळकांनी तिला पाठबळ दिले, आणि त्या पैसा फंडातून १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काच कारखाना उभा राहिला. परदेशात शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय त्याचे पहिले तज्ज्ञ. कारखान्याबरोबर तिथे कारागीर शिकले आणि देशभरच्या भट्ट्यांवर पांगले. काही वर्षांनी कराडजवळ ओगलेवाडी उभी राहिली. तिथल्या काचेने आणि प्रभाकर कंदिलाने कित्येक गावांच्या रात्री उजळल्या. आज जाहिरातींत 'पैसा फंडाची गोटी' असे काही दिसले तर विक्रेत्याला एकच विचारावे : सुट्या गोटीवर कारखान्याचे नाव नसते, मग हे कशावरून? स्वदेशीच्या आठवणीने मन भरून येते, आणि खोटा माल विकणाऱ्याला ते ठाऊक असते.

बाटलीतली गोटी

कागदाशिवायही गावाचे नाव सांगणारी एक गोटी मात्र आहे : सोड्याच्या बाटलीतली. हायरम कॉड या इंग्रज अभियंत्याने १८७०च्या दशकाच्या आरंभी ही बाटली काढली. गळ्यात काचेची गोटी, तोंडाच्या आत खाचेत रबराची कडी. बाटली उलटी धरून सोडा भरतात. सरळ करताच वायूच्या दाबाने गोटी वर जाऊन रबरावर घट्ट बसते. अंगठ्याने ती आत ढकलली की तो ओळखीचा आवाज होतो. ओतताना गोटी परत तोंडात येऊ नये म्हणून गळ्याला एका बाजूने खळगे असतात. आपण गोटी सोडा म्हणतो, दिल्लीत त्याला बंटा म्हणतात. या बाटल्या उत्तर प्रदेशात आजही होतात, आणि २०२५ साली केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयाने हेच पेय 'गोली पॉप सोडा' या नावाने परदेशी बाजारात पुढे केले.

ही गोटी साधी, नक्षी नसलेली, बहुधा हिरवट. हिरवेपणा वाळूतल्या लोखंडाचा. ती बाहेर काढायची तर बाटली फोडावीच लागते. ठिकठिकाणच्या मुलांनी तेच केले, म्हणून अखंड जुन्या बाटल्या कमी उरल्या. पण अनेक जुन्या बाटल्यांच्या अंगावर सोडा कारखान्याचे आणि गावाचे नाव उठवलेले असते. आपल्याकडे जाफर गेटच्या रविवार बाजारात भंगारात अशी एखादी बाटली, अगदी फुटकी मिळाली, तरी ती मला पिळाच्या जर्मन गोटीपेक्षा जास्त बोलकी वाटते. कुठल्या गावात सोड्याचा कारखाना होता, याची ती लेखी साक्ष आहे.

म्हणूनच नकलाही इथेच जास्त. गडद निळ्या काचेच्या, ठळक अक्षरांच्या, निष्कलंक बाटल्या 'राणीच्या काळातल्या' म्हणून विकल्या जातात. पाहायच्या गोष्टी तीन. साच्याची शिवण कुठवर जाते : जुन्या बाटलीचे तोंड वेगळे घडवलेले असल्याने शिवण सहसा ओठाच्या खाली थांबते. झीज कुठे आहे : खोक्यात शेजारच्या बाटल्यांवर आपटून पोटाच्या फुगीर भागावर आणि बुडाशी झीज हवी, खळग्यांच्या आत नको. आणि गोटी स्वतः : वर्षानुवर्षे गळ्यात आपटलेल्या गोटीवर बारीक टिचक्या असतातच.

अंगावरच्या खुणा

सुट्या गोटीचेही असेच. खेळलेल्या गोटीवर बारीक चंद्रकोरी असतात. दुसऱ्या गोटीचा नेम बसला की काचेच्या आत अर्धगोल तडा जातो, त्याची ती खूण. या चंद्रकोरी कुठे दाट, कुठे विरळ, कशाही विखुरलेल्या असतात. रिंगणातला खेळ काही नकाशा आखून होत नाही. अॅसिडने किंवा वाळूने घासून जुनी केलेली गोटी सगळीकडून सारखी धुरकट दिसते. सारखेपणा हाच तिच्यावरचा आरोप.

उलट प्रकारही होतो. खरी जुनी, टिचलेली गोटी पुन्हा घासून चकचकीत करतात. त्यात वरचा थर जातो, तुटीची खूण बोथट होते, आणि गोटी खरी असूनही तिचा निम्मा पुरावा नष्ट होतो. संग्राहक अशा गोटीला कमी किंमत देतात ते उगीच नव्हे. तिसरा प्रकार अधिक नाजूक. आजचे काच-कलावंत ज्योतीवर अत्यंत सुंदर गोट्या घडवतात आणि तळाशी आपली सही कोरतात. ती सही घासून टाकली की उरते एक सपाट जागा, आणि तीच 'जर्मन तुटीची खूण' म्हणून दाखवली जाते. भिंगाखाली चाकाच्या समांतर रेघा ताज्या दिसल्या आणि बाकी अंगावर एकही चंद्रकोर नसली, तर संशय घ्यावा.

लोकांत रूढ असलेल्या काही कसोट्या मात्र कामाच्या नाहीत. 'बुडबुडे आहेत म्हणजे जुनी' हे विधान मी नेहमी ऐकतो. वितळलेली काच पुरेशी निवळली नाही की बुडबुडे राहतात. आजच्या स्वस्त काचेतही ते भरपूर असतात. 'अतिनील प्रकाशात हिरवी चमकते म्हणजे जुनी' हेही तसेच. युरेनियम घातलेली काच चमकते हे खरे, पण अशी काच आजही घडवली जाते. वजनाने काच आणि अकीक ओळखण्याचा दावा तर साध्या गणितात पडतो. सोळा मिलिमीटर व्यासाची काचेची गोटी सुमारे ५.४ ग्रॅम भरते, अकिकाची ५.६. तळहाताला हा फरक कळत नाही. कठीणपणात मात्र फरक आहे : अकीक काचेवर ओरखडा काढतो, काच अकिकावर काढू शकत नाही. पण तो प्रयोग दुसऱ्याच्या गोटीवर करू नये.

ऑनलाइन खरेदीत वस्तू हाती नसते, म्हणून फोटो मागावेत. दोन्ही ध्रुवांचे जवळून घेतलेले, एक मागून उजेड टाकून, एक मोजपट्टीशेजारी ठेवून. पितळी डब्याचा फोटो लागत नाही. प्रामाणिक विक्रेता हे चार फोटो आनंदाने देतो. जो डब्याच्या आणि आजोबांच्या गोष्टीकडेच वळतो, त्याच्याकडून गोष्टच विकत घेतली जाते.

मणी आणि कायदा

गोट्यांच्या याच जाहिरातींत आता पैठण आणि तेर ही नावेही येऊ लागली आहेत, आणि इथे मामला गंभीर होतो. सातवाहनांचे प्रतिष्ठान म्हणजे पैठण, आणि तसेच जुने व्यापारी नगर तेर. दोन्ही ठिकाणी पावसाने माती वाहून गेली की काचेचे आणि अकिकाचे मणी वर येतात. असे अवशेष जपणाऱ्या रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहातून तेरचे संग्रहालय उभे राहिले. पैठणला बाळासाहेब पाटील यांच्या नावाचे आहे. डॉ. मोरेश्वर दीक्षित यांनी १९६९ साली प्रसिद्ध झालेल्या 'हिस्टरी ऑफ इंडियन ग्लास' या ग्रंथात भारतीय काचेचा इतिहास मांडला तो अशा बारीकसारीक अवशेषांच्या बळावर. मणी कुठे, कोणत्या थरात सापडला, हे ठाऊक होते म्हणून ते शक्य झाले.

काचेची नळी ओढून केलेल्या मण्यात बुडबुडे छिद्राच्या दिशेने लांबट असतात. तारेभोवती गुंडाळून केलेल्या मण्यात ते छिद्राभोवती फिरतात. यावरून घडवण्याची रीत कळते. गाव कळत नाही. ते फक्त सापडल्या जागेची नोंद सांगते. नोंदीविना विकलेला खरा मणीही इतिहासाच्या दृष्टीने पोरका झाला.

कायदाही स्पष्ट आहे. १८७८च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेली दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी लागते. १९७२च्या कायद्याने किमान शंभर वर्षांची, गतकाळातल्या कला-कारागिरीची किंवा चालीरीतींची साक्ष देणारी वस्तू पुरावशेष ठरते. तिचा व्यापार करायला परवाना लागतो, आणि खासगी व्यक्तीला ती परदेशी पाठवता येत नाही. 'दीडशे वर्षांपूर्वीची, जगात कुठेही पाठवू' असे लिहिणाऱ्या विक्रेत्याचा पेच पाहा : वय खरे असेल तर त्याने कायद्याला उत्तर द्यायचे, खोटे असेल तर गिऱ्हाइकाला.

मग आपण काय जपावे? जे आपल्यापाशी निश्चित आहे ते. १९७०-८०च्या दशकांत आपण गलीत, शाळेच्या मागे, पडक्या वाड्यांच्या अंगणात ज्या गोट्या खेळलो, गल खणून, कोपराने गोटी ढकलण्याची शिक्षा भोगून, त्या आता जुन्या होत चालल्या आहेत. त्यांना ब्रिटिश ठरवण्याची गरज नाही. घरात अशी पिशवी असेल तर एका चिठ्ठीवर लिहून ठेवावे : कोणाच्या, कोणत्या मोहल्ल्यातल्या, कोणत्या दुकानातून किती पैशांना घेतलेल्या, साधारण कोणते साल, आणि त्या खेळाला आपल्या गल्लीत काय म्हणत. चिठ्ठी पिशवीत टाकून तोंड बांधावे. पन्नास वर्षांनी कोणी अभ्यासक ती उघडेल, तेव्हा त्याला डब्याची, कुलपाची गरज पडणार नाही.